शिरपामाळावरचे पन्नास पक्षी

२ मे
पुष्पावती नाशिकला भावाकडे गेली. हवापालट. एवढ्यासाठी दोन मोठ्या बॅगा! बायकांना पॅकिंग जमत नाही. आठवड्यात येईल.
संकल्प: तोवर इथे जव्हारच्या शिरपामाळावर एकट्याने पन्नास पक्षी, दहा चतुर किडे. नऊ उन्हाळे आम्ही दोघं जातो, पण पक्षी शोधतो मीच. ती नुसती नावं लिहिते.

४ मे, सकाळी ६.१०
माळावर. एक तपकिरी पक्षी. एक काळा. आणखी एक तपकिरी, कदाचित तोच. लाइट बरोबर नव्हता.

९ मे
तळ्यावर लाल चतुर. किंवा नारिंगी. मेला एका जागी बसत नाही.
तिथे पाड्यावरची फागी करवंदं तोडत होती. विचारलं, आज बाय नाय आली? म्हटलं, पक्षी शोधणारा मुख्य माणूस मी आहे. तिने तारेवरचा पक्षी दाखवून नाव विचारलं. रानचिमणा, दुर्मीळ, असं सांगितलं. फागी हसली. "बुलबुल हाय तो, साहेब. बायनंच सांगलेलं."
एकूण चार. बुलबुल धरून.

१७ मे
भाजी पुन्हा करपली. शेगडी बिघडली आहे. पुष्पावतीला नाशिक मानवलेलं दिसतं.

२४ मे
पहाटे झाडीत कुणी उनाड सारख्या शिट्ट्या मारत होता. जोरात ओरडलो. गप्प झाला. असल्या लोकांमुळे पक्षी येत नाहीत.
संध्याकाळी फोनवर पुष्पावतीला हे सांगितलं. ती म्हणाली, अहो, तो नवरंग पक्षी. दर मे महिन्यात मी थांबा म्हणायचे आणि तुम्ही पुढे निघून जायचात.
म्हटलं, ये, या वेळी थांबतो.
म्हणाली, आता नको.
मग काही ऐकू आलं नाही. रेंज गेली असणार.

३१ मे
नीलेश आला. मुलगा आहे, वडिलांना भेटायला येणारच. चहा घेतला नाही. म्हणाला, आईने तिकडे खोली घेतली आहे, तिचे राहिलेले कपडे न्यायला आलोय.
मी म्हणालो, स्वेटर राहू दे. जव्हारच्या थंडीत लागेल तिला.
त्याने माझ्याकडे पाहिलं. स्वेटरची घडी केली आणि बॅगेत ठेवला.
बॅगेची चेन अडकत होती. मी लावून दिली.