बाटली नंबर सात

कोरेगाव, मंगळवार

तासगावकर हरिबा पाव्हणे यांना माजी हवालदार लालासाहेबांचा कडक रामराम.

तुमची तब्येत, म्हशीची तब्येत आणि बेदाण्याची शेडं झकास असतील, असं धरून चालतो. तुमची बहीण शालू शुक्रवारपासून तुमच्याकडं आहे. तिनं काय सांगितलं ते ठाऊक नाही, पण त्यातलं निम्मं खरं असणार (आणि उरलेलं निम्मं तिनं दयेपोटी सांगितलंच नसणार). म्हणून माझी बाजू कळवतो.

तीन वर्षांपूर्वी कोरोनात आम्ही नवराबायको चौदा दिवस एकाच खोलीत पडून होतो. ताप गेला, खोकला गेला, पण माझ्या नाकाचा वास जो गेला तो परत आलाच नाही. (तेव्हापासून अत्तर आणि रॉकेल माझ्या लेखी सख्खी भावंडं.) आता हवालदारानं अशी कागाळी करायची तरी कुणाकडं? शालूनं ताट वाढलं की मी तर्रीचा रंग बघायचो आणि पहिल्याच घासाला "वा!" म्हणायचो. तीन वर्षांत एक "वा" चुकला नाही.

मागच्या आठवड्यात कोरोनावर संशोधन करणारी माणसं गावात आली. होऊन गेलेल्यांच्या नाकाचं पुढं काय झालं, ते त्यांना तपासायचं होतं. दीपमाला नावाची डॉक्टरीण, वयानं आमच्या सुनेएवढी, आणि तिच्यापुढं बारा बाटल्या. बायकांचं सकाळीच उरकलं. दुपारी माझी पाळी आली तेव्हा निम्मं गाव बघायला. डोळ्यांवर पट्टी बांधली, म्हणून मी कानांवर भिस्त ठेवली. (मागं भाऊसो शिंकला, की समजायचं मिरपूड.) कुणी "लवंग" कुजबुजायचं, कुणी "संत्रं". सहाच्या सहा बरोबर! सातव्या बाटलीला मात्र सगळे गप्प. मी छाती भरून श्वास घेतला आणि ठणकावून सांगितलं, "गुलाब. देशी. आज सकाळी तोडलेला."

"आजोबा, यात नुसतं पाणी आहे," डॉक्टरीण म्हणाली. "वास येत नसलेली माणसं सापडावीत म्हणून मुद्दाम ठेवतो."

गाव हसलं. शालू हसली नाही. "आवं, मग तीन वरसं माज्या कालवणाला वा वा करत हुता, ते काय बघून?"

"रंग बघून," मी म्हणालो. (खरं बोलायची वेळ माझी कायम चुकते.) तिनं पिशवी भरली आणि तासगावची एसटी धरली.

तेव्हापासून स्वयंपाक मी करतो. परवा पिठलं टाकून शेजारीच पेपर वाचत बसलो होतो. शेजारचा नाथाजी बादली घेऊन धावत आला, तेव्हा कळलं की करपलंय. नाकाला सराव म्हणून डॉक्टरणीनं चार बाटल्या दिल्यात, रोज दोनदा हुंगायला. दोन दिवस लवंग म्हणून मी शालूचं गुडघ्याचं तेल हुंगत होतो. इमानदारीनं, एकेक नाकपुडी करून.

काल डॉक्टरणीचा फोन आला. "आजींचा फोन लागत नाही," म्हणाली. "आजोबा, त्यांना बारातल्या दोनच ओळखता आल्या. त्यांचाही वास कोरोनातच गेलाय. सराव दोघांनी मिळून करा."

पाव्हणे, मी चुलीपाशीच बसून राहिलो. तीन वर्षं बाई वासाशिवाय रांधत होती, कुणाला कळू न देता. फोडणी जमली का, मसाला जळला का, हे तिला माझ्या "वा"वरनं कळायचं. आणि मी तर्रीचा रंग बघत होतो. मला लय वाईट वाटलं. वहिनींना नमस्कार.

आपला,
लालासाहेब

ता. क. : गुरुवारी सकाळच्या गाडीनं तिला न्यायला येतोय, बाटल्या घेऊन. तिला आधी सांगू नका, मळ्यात जाऊन बसंल.

ता. क. दुसरा : तिनं दिवाळीला धाडलेल्या चकल्यांना तुम्ही दरसाल फोनवर "एक नंबर" म्हणत आलात. आमच्या सुनेकडंही त्याच चकल्या जातात. आज तिला फोनवर शपथ घालून विचारलं, तर म्हणाली, "मामंजी, तिन्ही वर्षं तेल खवट होतं." तेव्हा पाव्हणे, कोरोना तुम्हालाही झाला होता का? डॉक्टरीण पुढच्या आठवड्यात तासगावला येतीय. यादीत तुमचं नाव घातलंय.