‘कल’ म्हणजे कधी?

शनिवार, संध्याकाळ

टावर चौकात शेजारचे काका भेटले. त्यांच्या आईची मोडी पत्रं देवनागरीत उतरवून द्यायला घेतली, त्याला आठ महिने झाले.

“हो गया क्या, मास्तर?”

“बस, कल ही.”

घरी पोचतो तोच त्यांचा फोन. “काल झालं ना? ताईला उद्या देवासहून बोलावलंय, ऐकायला.”

मी नुसतं हूं म्हटलं. मराठीत ‘उद्या’ म्हणावं लागलं असतं, म्हणूनच ‘कल’ म्हणालो का? तासभर हेच डोक्यात.

शेवटी फोन केला. “काका, झालं नाहीये. चार पत्रं बाकी आहेत.”

काका म्हणाले, “तो फोन पे क्या कर रहा है? बैठ.”

आणि ही वही लिहिणं, हीसुद्धा टाळाटाळच. वही मिटतो.