शेवयांचा पाट

कसबा बावडा,
२६ डिसेंबर

प्रिय संयू,

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर मला धड बोलता येणार नाही. अभ्यास बाजूला ठेव आणि हे शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून फोन लावू नकोस. अक्षराकडे दुर्लक्ष कर. पत्राचा फोटो काढून पाठवते.

आज आम्ही गावातलं नवं वस्तुसंग्रहालय बघायला गेलो. आण्णांनीच हाकललं. घरात बसून माझं तोंड काय बघताय, नातवाला गाव दाखवा म्हणाले. त्यांना हल्ली गाडीत फार वेळ बसवत नाही, म्हणून ते घरीच राहिले. गाडी कृष्णातमामाने चालवली. सकाळपासून त्याची कुरकुर चालू होती की तिथे जुनी भांडीच आहेत, त्यापेक्षा पन्हाळ्याला जाऊ. तिकिटाच्या खिडकीवर परदेशी पाहुण्यांचा दर वेगळा होता. तुझे बाबा प्रामाणिकपणे विशूचा डच पासपोर्ट शोधायला लागले. खिडकीतल्या माणसाने विशूला गाव विचारलं, विशूने ठसक्यात बावडा सांगितलं, झालं, देशी तिकीट मिळालं. बाबांना ते नियमात बसलं नाही म्हणून पुढची दोन दालनं ते बेचैन होते. मी हसत होते, संयू. त्या वेळेपर्यंत दिवस चांगला चालला होता.

तिसरं दालन जुन्या स्वयंपाकघराचं. उखळ, जातं, ताक घुसळायची रवी, सगळं काचेत. मामा आमच्या पुढे झपाझप गेला आणि एका कपाटाला पाठ लावून उभा राहिला. चांगला सहा फुटी माणूस, पोटासकट. विशू त्याच्या बगलेखालून डोकावत होता, तर त्याला म्हणाला, तिकडं तलवारी हायत, तिकडं बघ जा. मला वाटलं, काही फुटलंय की काय त्याच्या हातून. मी त्याला बाजूला सारलं.

आत शेवयांचा पाट होता. बाळाआत्याचा. उन्हाळ्यात त्याच्यावर पाय टाकून बसून ती पीठ वळायची आणि खाली शेवयांच्या तारा सुटायच्या. मी सातवीत असताना त्याच्या कडेला खिळ्याने माझं नाव कोरलं होतं, त्याबद्दल मारही खाल्ला होता. ते नाव तिथे होतं. क्रांती. आणि खाली पाटी, छापील: कै. बाळाबाई यांच्या प्रथम स्मृतिदिनानिमित्त भेट.

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसूच आलं, वाटलं, मामाने काहीतरी घोळ घातलाय, जित्या माणसाला कैलासवासी करून ठेवलंय. मग त्याचं तोंड बघितलं. पुढचं मला नीट आठवत नाही. मी खाली फरशीवर बसले होते आणि रखवालदार पाणी घेऊन आला होता, एवढंच.

माझी आई गेल्यावर मला वाढवलं ते आत्याने, तुला माहीत आहे. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात ती गेली. टाके ओले आहेत, आत्ता नको, असं या लोकांनी ठरवलं. टाके सुकले, तोवर सांगायची हिंमत संपली. मग आत्या गडहिंग्लजकडे नणंदेच्या मळ्यात गेली, तिथे रेंज नाही, अशी कथा तयार झाली. मी स्वप्नालीमामीच्या फोनवर तिला निरोप पाठवत राहिले. दर वेळी उत्तर यायचं, आत्या म्हणत्यात बरी हाय, पोरांना पापा दे. बावीस महिने, संयू. तिच्यासाठी आणलेला स्वेटर अजून बॅगेत आहे. आल्या दिवशी तो काढून मी सगळ्यांना दाखवला, आणि मामी म्हणाली, रंग शोभंल त्यांना.

गाडीपाशी मी मामाला नको नको ते बोलले. शेवटी तो एवढंच म्हणाला, "तू लांब हायस. यायला तर जमणार न्हवतं. एकटीच तिथं रडत बसली असतीस, म्हणून न्हाय सांगितलं."

मयताची बातमी उशिरा कळली, तरी कळल्यावर डोक्यावरून आंघोळ करायची असते. घरी येऊन मी तेच केलं. मामीने न विचारता पाणी तापवून दिलं. ओल्या केसांनी आण्णांच्या खोलीत गेले. त्यांनी केसांकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कळलं व्हय?" मला त्यांच्यावरही ओरडायचं होतं. पण याच खोलीत, याच कॉटशेजारी बसून मी परवा त्यांना एक वचन दिलं होतं.

ते वचन मी आता मोडते आहे. तुला सांगितलं तसं आम्ही इथे कुणाच्या गृहप्रवेशाला आलेलो नाही, ते खोटं होतं. आण्णांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, ऑक्टोबरात कळलं. डॉक्टर संक्रांतीपर्यंतचं बोलतात, पुढचं बोलत नाहीत. दर रविवारी तुझा फोन यायच्या आधी मामा त्यांची दाढी करतो, पाठीला उशा लावून खुर्चीत बसवतो. तू फोन ठेवलास की ते आडवे होतात आणि दिवसभर उठत नाहीत. पोरीचा पेपर होऊ दे की, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं, आणि मलाही ते शहाणपणाचं वाटलं. तुझा पेपर वीस जानेवारीला आहे. पेपर द्यायचा की यायचं, हे तू ठरव. काहीही ठरवलंस तरी मी तुझ्या बाजूने आहे, तिकीट बाबा काढतील. फक्त रविवारची वाट बघू नकोस. आज ते बोलतात, माणूस ओळखतात. मी आत्याशी शेवटचं काय बोलले, ते मला काही केल्या आठवत नाही.

तुझीच,
आई