पाच माणसं, एक खोली आणि न झोपणारा लुत्फी

ती. रोसनानीताईंना सुरायाचा सलाम, आणि चि. लुत्फीचा पापा (जागाच आहे, त्यामुळे स्वतःहून देतोय).

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना रोज? मांजरं बरी आहेत ना, आणि ती लंगडी अजून शेजारच्यांच्या घरात जाऊन मासे पळवते का? तायपिंगला पावसाने कपडे वाळत नसतील. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. ‘खुशाल आहोत’ असंच लिहिणार होते, पण मक, म्हणजे तुमच्याच मातोश्री, म्हणाल्या, रमजान नसला म्हणून काय खोटं लिहायचं?

झालं, रीत पाळून झाली. आता मला चिडू द्या. खरं तर फोनवरच चिडणार होते, पण फोनवर दुसऱ्याला चिडायची पाळी तुम्ही कधी येऊ देत नाही. म्हणून हॉटेलच्या कागदावर, हॉटेलच्या पेनाने लिहितेय, आणि पूर्ण वाचल्याशिवाय कुणाला फोन लावायचा नाही. तुमच्या भावालाही नाही. तो गाडीत झोपलाय.

शाळेच्या सुट्टीत सगळ्यांनी कॅमेरॉन हायलँड्सला जायचं, ही कल्पना कुणाची? तुमची. हॉटेल कुणी ठरवलं? तुम्ही. “पाच माणसांना दोन खोल्या कशाला हव्यात गं? एका खोलीत कसं, घरपण राहतं,” हे वाक्य कुणाचं? घरपण म्हणजे काय ते आता माझ्याकडून ऐका. एका पलंगावर तुमच्या मातोश्री आणि तुमचे तीर्थरूप आबाह, दुसऱ्यावर मी आणि हेल्मी, मध्ये आडवं होऊन चालावं लागेल एवढी वाट आणि त्या वाटेत हॉटेलने दिलेला लाकडी बाळपलंग. रात्री कुणाला नळाकडे जायचं तर दुसऱ्या चौघांना हालचाल करावी लागते. आणि घरपणाची एवढी महती गाणाऱ्या बाई स्वतः आल्याच नाहीत! का, तर म्हणे गुडघा. (हॉटेलात लिफ्ट आहे, ताई. मी पाहिली. आत जाऊन वरखाली करून पाहिली.)

वर निघायच्या आदल्या दिवशी घरच्या ग्रुपवर तुमचा तो लांबलचक व्हॉइस मेसेज. झोळी अजिबात न्यायची नाही. पोर दोन वर्षांचं व्हायला आलं, त्याला आता सपाट झोपायची सवय लावा. हॉटेलवाले पलंग देतात, मी विचारून ठेवलंय. त्यानंतर पार्किंगचे दर, त्यानंतर वळणावर हॉर्न कसा वाजवायचा, त्यानंतर स्ट्रॉबेरी कुठल्या दुकानातून घ्यायच्या नाहीत. झोळीचं तुम्हाला मी काय सांगणार! आपली पोरं जन्मापासून स्प्रिंगच्या झोळीत वाढतात. तुळईला स्प्रिंग, स्प्रिंगला सारोंग, सारोंगात पोर आणि खाली बसून दोरी ओढणारं कुणीतरी. वर-खाली, वर-खाली. असं पोर गादीवर सपाट ठेवलं की त्याला वाटतं, जगच बंद पडलं. तरी म्हटलं, थोरल्या नणंदेचा शब्द आहे, मोडायचा नाही. मीच मूर्ख.

पहिल्या संध्याकाळी त्याला बाळपलंगात ठेवलं. तो लगेच उभा राहिला, कठड्याला धरून, निवडणुकीचा उमेदवार उभा राहतो तसा, आणि एकेकाकडे बघून हसायला लागला. मक म्हणाल्या, आपण सगळे झोपलेलो दिसलो की तोही झोपेल. म्हणून दिवेलागणीलाच दिवे बंद करून चार धडधाकट माणसं जेवणाआधी पांघरुणं घेऊन पडली. आबाह खरेच झोपले. त्यांचं घोरणं सुरू झालं तसा लुत्फी टाळ्या वाजवून “वाघ! वाघ!” करायला लागला, आणि ते कूस बदलून गप्प झाले की “वाघ, अजून!” अशी फर्माईश. त्यात मक. अंधारात दर थोड्या वेळाने, आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा कुजबुजीत, “झोपला का गं?” मी गप्प. “सुराया, झोपला का?” मी तरी गप्प. “ही पण झोपली वाटतं,” असं म्हणून त्यांनी कोळंबीच्या पापडांची पिशवी फोडली. ताई, प्लास्टिकची पिशवी अंधारात हळूच फोडली की जास्त वाजते, हे तुमच्या मातोश्रींना सत्तरी आली तरी कळलेलं नाही. “मला! मला!” झालं. पोर कठड्यावर चढलं. त्या रात्री मी आणि तुमचा भाऊ न्हाणीघरात दार लावून, तो बादली पालथी घालून आणि मी कमोडच्या झाकणावर, गार झालेल्या नूडल्स खात बसलो होतो. लग्नानंतर आम्ही एकटे असे पहिल्यांदाच बसलो, तर बाहेरून मक म्हणतात, “आत दोघं करता काय?”

आता दुसऱ्या दिवसाचं ऐका, आणि आधी खाली बसा. तुमचा लाडका भाऊ दुपारी गाडीतून हसत हसत वर आला. स्टेपनीच्या खाली त्याने घरची स्प्रिंग लपवून आणली होती! (बघा, तुमचा शब्द कुणी मोडला ते. मी नाही.) पण हॉटेलात तुळई कुठली? वर नजर टाकली तर छताला एक लाल नळी, आणि तिला खाली एक चिमुकलं पितळी फूल. हेल्मी म्हणाला, “हे बघ, लोखंडी आहे, मजबूत आहे, अशासाठीच ठेवलेलं असणार.” एवढी अक्कल असलेला माणूस पाण्याच्या खात्यात नोकरीला आहे, आणि आपल्या राज्याला पाणी कसं मिळतं हा अल्लाचाच करिश्मा. एक मात्र त्याने बरं केलं, पोराला आधी ठेवलं नाही. लुत्फीच्या वजनाएवढे मकनी बाजारातून घेतलेले कोबीचे गड्डे आणि मक्याची कणसं सारोंगात भरली आणि दोरी ओढली. टिकलं. “बघितलंस?” म्हणाला. मग म्हणे, लुत्फी उड्या मारतो, तेव्हा जरा जोरात ओढून बघू.

ते पितळी फूल आगीच्या वेळी पाणी उडवायचं असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. आणि त्या नळीतलं पाणी हॉटेल बांधल्यापासून तिथेच असल्यासारखं काळं असतं आणि त्याला मेलेल्या उंदराचा वास येतो, हेही. आबाह नमाजाला बसले होते, ते तसेच भिजले. मक ओरडल्या, “माझे कोबी!” (सून समोर गटारात बुडाल्यासारखी उभी, पण कोबी!) घंटा वाजायला लागली आणि आख्खं हॉटेल पांघरुणं गुंडाळून, कुणी साबणाच्या डोक्याने, खाली गाड्यांजवळ थंडीत जमा झालं. सगळ्यांत खूश कोण, तर लुत्फी. घंटा थांबली तर “अजून!” म्हणाला.

मॅनेजर लियोंग साहेब सज्जन माणूस. छत बघितलं, स्प्रिंग बघितली, कोबी बघितले. म्हणाले, “साहेब, हे आग विझवायला आहे. पोर टांगायला नाही.” एवढंच. मी जमिनीत गेले. सुट्टीमुळे हॉटेल भरलेलं, तेव्हा आम्हाला स्वयंपाकघराच्या मागची, ड्रायव्हर लोकांसाठी ठेवलेली खोली मिळाली. एकच पलंग, खाली चटया, आणि आबाहनी पाय दुमडले तरच दार उघडतं. (आता बघायला या तुमचं घरपण.) भिंत प्लायवुडची. पलीकडे एक बसड्रायव्हर, ज्याला पहाटे आख्खी बस घेऊन डोंगर उतरायचा. लियोंग साहेबांनी हात जोडले. “ताई, ह्या माणसाची झोप मोडली तर त्याच्या हातात चाळीस जीव आहेत. आज रात्री आवाज आला तर मला माफ करा, तुम्हाला सामान बांधावं लागेल. आख्ख्या डोंगरावर दुसरी खोली नाही, मी चौकशी केली.”

ताई, आता इथे मी थट्टा करत नाहीये. तो रस्ता तुम्हाला माहीत आहे. येताना मकना वळणांवर इतक्या उलट्या झाल्या की पिशव्या संपल्या, शेवटी माझी डोक्यावरची ओढणी दिली. तो रस्ता धुक्यात, काळोखात उतरायचा, तोही रात्रभर डोळा न मिटलेल्या हेल्मीने, मागे आजारी म्हातारी आणि रडणारं पोर. तो ड्रायव्हर झोपला पाहिजे, हेल्मी झोपला पाहिजे, आणि ते सगळं ह्या एवढ्याशा माणसाच्या पापण्यांवर अवलंबून.

सगळे उपाय केले. मकनी आयत वाचून पाणी फुंकलं, पाजलं. आबाहनी पोटाला तेल चोळलं, आपल्यालाही लावून घेतलं आणि घोरायला लागले. मी मला येतात ती सगळी गाणी म्हटली, येत नाहीत तीही म्हटली. हेल्मीने त्याला गाडीत घालून पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या, तर गाडीत गाढ झोपला. श्वास रोखून उचलून आणला आणि उंबरठ्यावर त्याने टक्क डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. पलीकडून भिंतीवर थाप पडली. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग दारावर टकटक, आणि लियोंग साहेबांचा पडलेला चेहरा. मक निमूट उठून कोबी पिशवीत भरायला लागल्या.

तेव्हा माझं डोकं फिरलं. हेल्मी पुटपुटला, “झोळी स्टँडसकट उघड आणली असती तर...” आणि माझा तोल गेला. म्हटलं, कुणी नको म्हटलं होतं झोळी? मी? ऐक, तुझ्या बहिणीच्या तोंडूनच ऐक! आणि दात-ओठ खात तुमचा मेसेज लावला, मोठ्या आवाजात. “सुराया, हेल्मी, नीट ऐका, मी एकदाच सांगणार आहे...”

लुत्फी थांबला. मध्येच, तोंड उघडं ठेवून. मग अंगठा तोंडात गेला. तुम्ही झोळीवरून झापत होतात, तो फोनजवळ सरकला. हॉर्नपर्यंत येईतो त्याने फोनवर गाल टेकला. स्ट्रॉबेरीच्या दुकानदाराला तुम्ही लबाड म्हणालात आणि पोर गाढ! हेल्मी आनंदाने ओरडणार, तेवढ्यात मी त्याच्या तोंडावर उशी दाबली. मेसेज संपला, पोराने डोळे उघडले. पुन्हा लावला. मिटले. ताई, रात्रभर मी ते बटण दाबत बसले होते. मला तो मेसेज आता कलम्यासारखा पाठ आहे. तुम्ही कुठे खोकलात तेही सांगू शकते. ड्रायव्हर पहाटे व्यवस्थित गेला. आम्हाला कुणी हाकललं नाही.

आणि मी तुमच्यावर का चिडले ते आता कळलं का? झोळीवरून नाही. खोलीवरूनही नाही. मी त्याची आई. नऊ महिने पोटात मी वाढवलं, गाणी मी म्हटली, आणि हा झोपतो कुणाच्या आवाजावर, तर झापणाऱ्या लोंग आत्याच्या! माझ्या दवाखान्यातल्या पाळ्या होत्या तेव्हा तुम्हीच त्याला खांद्यावर टाकून मांजरांना, मासेवाल्याला, टीव्हीतल्या लोकांना झापत घरभर फिरायचात. त्याला अंगाई म्हणजे तेच वाटतं. ईदनंतर आम्ही तायपिंग सोडून सेरेम्बानला बदलून गेलो, तेव्हापासून तो घरीही धड झोपत नाही. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मला संताप येतो. लाज वाटते, पण संताप जास्त येतो.

असो. सगळ्यांना सलाम. गुडघा जपा.

तुमची (चिडलेली),
सुराया

ता. क. हा मेसेज आता फार ऐकून झाला. कृपया नवीन पाठवा. कशाबद्दलही झापा, पण जरा जास्त वेळ. माझ्याबद्दल असलं तरी चालेल, माझी हरकत नाही, मध्ये थांबून पाणी मात्र पिऊ नका, तो उठतो.

ता. क. २. हे सगळं वाचून मकना फोन करून रडायचं नाही. त्यांच्याबद्दल मी काय काय लिहिलंय हे त्यांना माहीत नाही. मक म्हणतात, मुलीचा गुडघा दुखत नाही, मन दुखतंय, लुत्फीला सेरेम्बानला नेलंत म्हणून. मला हे त्या आज सांगतायत!

ता. क. ३. आज सकाळपासून त्याने एक नवीन चालू केलंय. तुमचा आवाज लावला की तो फोन हातात घेतो, उलटा करतो, आणि मागे बघतो तुम्ही कुठे आहात ते. मग माझ्याकडे बघतो, “लोंग?” शनिवारी बसने सेरेम्बानला या. मांजरं शेजारी ठेवा, लंगडीला घेऊन या वाटल्यास. हे हेल्मी नाही, मी बोलावतेय.