चार कानांची वाटी

मी, जयवंता गिरिधर रामटेके, वय ६८, राहणार बेसा, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने करून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणणारा अजून जन्माला यायचा आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी 'काय ते लिहून ठेवा' म्हटले, म्हणून ही घाई.

१. बेसाचे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्यात पती गिरिधर यांनी हयातभर राहावे; त्यांच्या पश्चात ते मुलगी मेघा हिचे.

२. बँकेतील ठेवी मेघाला. दीर मधुसूदन यांना काही नाही. 'पत्रा समजायला बाईला एक्स-रे कशाला लागतो?' असे त्यांनी धातूंच्या प्रयोगशाळेतल्या माझ्या नोकरीवरून आमच्या लग्नात चारचौघांत विचारले होते. उत्तर त्यांना आजही मिळणार नाही.

३. कपाटातील ॲल्युमिनियम पत्र्याचे नमुने माझ्या जुन्या प्रयोगशाळेला द्यावेत, कबाड्याला नव्हे. प्रत्येकावर बाण आहे. पत्रा कुठल्या दिशेने लाटला ते त्यावरून कळते. बाण कोणी घासून पुसू नये, पुसला की नमुना भंगार. पोळी आपण फिरवत फिरवत लाटतो. रोलिंग मिलमध्ये पत्रा एकाच दिशेने लाटला जातो, म्हणून आतले कण ठराविक दिशांना तोंडे करून बसतात. त्याला आम्ही पोत म्हणतो. तो हाताला लागत नाही, एक्स-रेमध्ये दिसतो.

हे गिरिधरना कळायला वेळ लागला. हिंगण्याला त्यांचा प्रेसवर भांडी काढायचा कारखाना होता. वाट्यांचा काठ चार ठिकाणी वर यायचा. त्या उंचवट्यांना धंद्यात कान म्हणतात; पोतामुळे पत्रा सगळ्या दिशांना सारखा ताणला जात नाही, म्हणून ते येतात. अशी वाटी घेऊन ते प्रयोगशाळेत आले, पत्र्यावर तळहात फिरवला आणि म्हणाले, "पोत त गुळगुळीत हाय, मॅडम. मंग कान काहून येऊन राह्यले?" मला हसू आवरेना. "पत्रा आडवा फिरवून लावला त?" त्यांनी विचारले. "कानही फिरतील," मी म्हटले. दुसऱ्या दिवशी पत्रा फिरवून काढलेली वाटी घेऊन हजर. कान चारच. त्यानंतर ते काही काम नसतानाही येऊ लागले.

४. ती दुसरी वाटी गिरिधर यांना. प्रेसच्या आवाजाने त्यांचे स्वतःचे कान गेले. मेघाने आणलेले कानाचे मशीन ते टीव्हीमागे ठेवतात आणि म्हणतात, "तू हायेस नं सांगाले." बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, मेघाचा फोन आला, सगळे मी त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन सांगते. माझ्यामागे कोण सांगणार, ही एकच काळजी मला आहे. म्हणून घराला अट: मशीन रात्री या वाटीत ठेवावे आणि सकाळी वाटी रिकामी दिसावी. वकील म्हणाले, ही अट कोर्टात टिकायची नाही. मी म्हटले, कोर्टात कोण चालले आहे? लिहा.

५. या सगळ्याची अंमलबजावणी मेघाने करावी, वाटी तपासण्यासह.

(सही) जयवंता गिरिधर रामटेके
बेसा, नागपूर. ११ जानेवारी २०२५

साक्षीदारांचा शेरा: वरील मजकूर वकिलांनी आमच्यासमोर मोठ्याने वाचला आणि बाईंनी आमच्यादेखत सही केली. गिरिधर यांनी "का म्हन्ते?" असे विचारले. बाई त्यांच्या कानाशी सांगायला जागच्या हलल्या नाहीत. मग ते स्वतः उठले, टीव्हीमागून मशीन काढून कानात घातले आणि बाईंजवळ बसले. मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला.

(सही) इंदुताई वासनिक, शेजारी
(सही) चंपतराव ठाकरे, शेजारी