तिच्यासाठी सोडलेला कांदा

आई, काल मी कांदा खाल्ला. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, मग त्यात काय एवढं. मी तो का सोडला होता हे कळणारी तू एकटीच, आणि तुला जाऊन एकवीस वर्षं झाली.

आधी तुझ्या नातीचं सांगतो. तू गेलीस तेव्हा ती दहा वर्षांची होती, दुसऱ्याच्या ताटातलं भजं पळवणारी. आता एकतीसची आहे. चार महिन्यांपूर्वी अमेरिकेतून परत आली, लग्न मोडून. का मोडलं ते तिने सांगितलं नाही आणि मला विचारता आलं नाही. तुझी सून असती तर तिने दोन दिवसांत सगळं काढून घेतलं असतं, पण तीही चार वर्षांपूर्वी गेली. उरलो मी, ओझरच्या विमान कारखान्यात जन्मभर वायरी जोडलेला माणूस, बंद दाराबाहेर उभा राहून ‘जेवतेस का गं’ विचारणारा. ती जेवत नाही, आई. दोन घास चिवडते आणि ताट सरकवते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी वजन उतरलं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. त्या दिवशी घरी येताना मी कॉलेज रोडला गाडी बाजूला घेतली आणि भर दुपारी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. या वयात, लोक बघत असताना.

मग तू केलंस तेच केलं. वणीच्या गडावर गेलो आणि देवीला म्हणालो, पोरगी जेवायला लागू दे, मी कांदा सोडला.

तू माझ्यासाठी सोडला होतास. मी नऊ वर्षांचा असताना मला मुदतीचा ताप आला होता तेव्हा. पण हे मला कळलं तुझ्या तेराव्याला, मावशीकडून. तोपर्यंत मला वाटायचं, तुला कांदा आवडत नाही. लासलगावला व्यापाऱ्याच्या खळ्यावर तू दिवसभर कांदे निवडायचीस, मोठा एकीकडे, बारीक गोल्टी एकीकडे, अंगाला, लुगड्याला कांद्याचाच वास. घरी आलीस की माझ्यासाठी बुक्कीने कांदा फोडायचीस, भाकरीवर ठेवायचीस आणि स्वतः चुलीपाशी बसून नुसत्या चटणीशी खायचीस. नोकरी लागल्यावर कारखान्यातले दोघे मित्र घरी आणले होते, आठवतं? मी त्यांच्यासमोर म्हणालो, आमच्या आईचे नखरे बघा, कांद्यात राहून कांदा खात नाही. तू हसलीस. “मला सोसत नाय रे तो,” म्हणालीस आणि त्यांना आणखी भाकरी वाढलीस. ते वाक्य आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तर मी कांदा सोडला, आणि इथेच माती खाल्ली. स्वयंपाक मीच करतो. आपण खायचा नाही तर घरात आणायचाच कशाला, म्हणून पिशवीभर कांदे शेजारच्या वहिनींना देऊन टाकले. आमटीत कांदा नाही, पोह्यात नाही, काळ्या मसाल्याचं वाटण बंद. तीन महिने मी तिला पिवळं, मिळमिळीत पाणी वाढत राहिलो आणि वर देवीला विचारत राहिलो की ही जेवत का नाही. अक्कल बघ.

गेल्या रविवारी ती स्वतःहून स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून म्हणाली, “पप्पा, या घराला वासच राहिला नाही. मला वाटतं मी दवाखान्यातच आहे.” मग म्हणाली, तिकडे ती कांद्याचं एक डिप करायची, ते खावंसं वाटतंय. डिप म्हणजे दाट चटणीसारखं, बुडवून खायचं. चार महिन्यांत तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी सायकल काढली आणि वहिनींना दिलेल्यापेक्षा दुप्पट उन्हाळ कांदा घेऊन आलो.

त्याचं भांडं तिने तिकडून आणलंय. विजेचं, आतून चिनीमातीचं, आठ तास मंद शिजवणारं. ते तिकडच्या कमी व्होल्टचं, तेव्हा मेन रोडवरून ट्रान्सफॉर्मर आणून जोडला. तेवढं मला येतं. काल सकाळी नऊला दहा कांदे उभे चिरले, लोणी आणि मीठ घातलं, झाकण ठेवलं. ढवळायचं नाही, ती म्हणाली. आई, न ढवळता कांदा शिजतो यावर माझा विश्वास बसेना. मी सारखा झाकण उचलायचो. तिसऱ्यांदा ती आतून ओरडली, झाकण उचललं की अर्ध्या तासाची वाफ जाते, पप्पा, लांब बसा. ओरडली, याचाच मला केवढा आनंद. दुपारी दोनपर्यंत घरभर वास पसरला, गोडसर, खमंग. ती दार उघडं ठेवून पडली होती. पाचला कांदा गुळासारखा तांबूस झाला. तिने त्यात चक्का आणि चीज घातलं, मिरपूड घातली, घोटलं. मी बाजरीच्या भाकरी कडक भाजल्या.

तिने दोन ताटल्या मांडल्या. मी म्हणालो, तू खा, मला सोसत नाही. तुझंच वाक्य, जसंच्या तसं तोंडातून आलं. पण ती तुझ्या मुलासारखी नाही. तिने विचारलं, “कधीपासून?” आणि माझ्याकडे बघत राहिली. मला खोटं रेटता आलं नाही. सांगून टाकलं, तू जेवावंस म्हणून सोडलाय. वाटलं, तिला भरून येईल. तिने ताटली खाली ठेवली. “दोन वर्षं मी त्या घरात एकटी जेवलेय, पप्पा. माझ्यासाठी उपाशी राहणारं कुणी नकोय मला. बरोबर जेवणारं पाहिजे. तुम्ही खात नसाल तर मीही नाही खात.”

खाल्लं तर नवस मोडतो आणि पोरीला काही झालं तर ते माझ्यामुळे. नाही खाल्लं तर ती उठून आत जाते आणि ते दार पुन्हा लागतं. एकीकडे देवी, एकीकडे तू, आणि समोर ही, गालाची हाडं वर आलेली. मी भाकरीचा तुकडा मोडला, बुडवला आणि खाल्ला. मग तिने खाल्ला. दीड भाकरी खाल्ली तिने, आई. मी मोजत होतो ते तिला दिसत होतं, तरी ती खात राहिली.

सोमवारी तिचं वजन करायचंय. ती झोपलीय आणि मी दोनदा जाऊन तिचा श्वास चालू आहे ना ते बघून आलो. देवी कोपली तर? तिने माझ्यावर कोपावं, एवढंच मागणं आहे. दीड भाकरीने माणूस बरा होत नसतो, हे मलाही कळतं.

पण मला छळतंय ते वेगळंच. या पोरीला जे एका बैठकीत कळलं ते मला तुझ्यासमोर बसून तीस वर्षं कळलं नाही. तू चुलीपाशी एकटी खात होतीस आणि मी इकडे पोटभर खाऊन ढेकर देत होतो. एकदा जरी हटून बसलो असतो, आई, तू खाल्लास तरच मी खाईन, तर तू नवस मोडला असतास का? मला वाटतं, मोडला असतास.

हा कागद कुठे पाठवणार? गडावर ठेवायची हिंमत नाही. किराणा सामानाच्या यादीखाली दडपून ठेवतो. आणि एक राहिलं, तेही सांगून टाकतो. पहिला घास मी तिच्यासाठी खाल्ला. दुसऱ्यांदा मात्र मीच मागून घेतलं, आणि तेव्हा मला तुमच्यापैकी कुणाचीच आठवण नव्हती.