म्हातारी झोपत नाही

तीर्थरूप दाजी यांच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. कंबर धरल्यापासून प्रत्यक्षात तीन-चार अंगांपुढे मजल जात नाही.) आपला गुडघा, आपला खोकला आणि गच्चीच्या दाराची कुरकुर या तिघांची प्रकृती कशी आहे? मी इकडे बरा आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरं तर हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण ताई गेल्यापासून आपण फोन कपाटात ठेवून दिलाय असं आपल्या समोरच्या शिंप्याकडून कळलं. तेव्हा पत्र. पत्र कपाटात टाकायच्या आधी निदान फोडावं तरी लागतं.

बातमी अशी की आमची म्हातारी गेली. घाबरू नका, आपल्या ओळखीतली कोणी नव्हे. मी जन्मभर जिची चाकरी केली तो उपग्रह. सरकारदरबारी तिला लांबलचक नाव होतं, पण नियंत्रण कक्षात सगळे म्हातारीच म्हणत, कारण ती वर गेली तेव्हाच तिचं यंत्र जुनं झालेलं होतं. काम साधं. किनाऱ्यापासून लांब गेलेल्या छोट्या मच्छीमार होड्यांचे निरोप वर घ्यायचे आणि खाली द्यायचे. आमचं काम त्याहून साधं. रोज तिला हाक मारायची, तिची ओ ऐकायची, तब्येत विचारायची आणि चुकली असेल तर वळवायची. ताई म्हणायची, लग्नाच्या गाठी वर बांधल्या जातात म्हणे, आमच्या बंधुराजांनी ती वर जाऊनच बांधली. आपण तेव्हा हसला नव्हता. (आपण कधीच हसत नाही, पण त्या दिवशी मिशी हलली होती, मी पाहिलं.)

आता ती गेली कशी, ते सांगतो. गेल्या वर्षी आमच्याकडे नवं अवकाश धोरण आलं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर निळं आकाश, आणि आत प्रत्येक पानावर 'सुलभ' हा शब्द. सार असं, की इथून पुढे सरकार मैदानात खेळणार नाही, फक्त पंच म्हणून उभं राहणार. खेळायचं ते खाजगी कंपन्यांनी. मला तत्त्व पटलं. मुलं मोठी झाली की बापाने बाजूला व्हावं, यात वावगं काय? फक्त पंचाला उभं राहायला जागा लागते, हे धोरणात लिहायचं राहून गेलं. आमच्या कक्षाचा मोठा भाग एका कंपनीला भाड्याने गेला. तिथे लोळायच्या गाद्या आल्या, टेबल टेनिसचं टेबल आलं, आणि माझी खुर्ची आणि म्हातारीचं यंत्र पडद्यामागे कोपऱ्यात सरकलं. (पडदा त्यांनी लावला. चेंडू माझ्या डोक्याला लागू नये म्हणून, असं म्हणाले. चेंडू पडद्याखालून येई.) अवकाश सगळ्यांना खुलं झालं, दाजी. आमची खोली तेवढी बंद झाली.

कंपनी वाईट नव्हती, हे प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे, नाहीतर आपण म्हणाल की हा नेहमीसारखा रडतोय. त्यांची प्रमुख म्हणजे तिशीतली एक मुलगी. हुशार, कामाला वाघ, आणि मला 'सर' म्हणायची, जे माझ्या खात्यात कुणी कधी म्हणालं नाही. तिचा नवा उपग्रह म्हातारीच्या दहापट निरोप वाहणारा होता. त्याला म्हातारीचीच जागा आणि म्हातारीचीच रेडिओ-लहर हवी होती, म्हणून म्हातारीला बंद करायचं ठरलं. त्याच बैठकीत माझं पदही रद्द झालं. दोन्ही विषय एकाच चहात उरकले.

रीतसर पाहता म्हाताऱ्या उपग्रहाला आधी उरल्यासुरल्या इंधनावर थोडं वर चढवून सोडतात, जिथे तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. आमच्यात त्या जागेला पेन्शनरांची गल्ली म्हणतात. पण त्याला दिवस लागतात, आणि मंत्र्यांना वेळ होता एका बटणापुरता. तेव्हा ठरलं, बटण आधी, चढवाचढवी मागून. बटण कुठून आणावं यावर बरीच चर्चा होऊन शेवटी लिफ्टवाल्याकडून एक जादाचं आणलं. त्याला फक्त दिवा जोडलेला. मंत्री ते दाबणार, दिवा लागणार, तो पाहून पडद्यामागून मी खरी आज्ञा सोडणार. प्रत्यक्षात मंत्र्यांना बटण इतकं आवडलं की खुर्चीत बसता बसताच त्यांनी ते दाबून पाहिलं. दिवा लागला, मी आज्ञा सोडली. मग त्यांचं भाषण झालं, म्हातारीने देशाची सेवा कशी केली आणि अजून काही मिनिटं कशी करणार आहे यावर. ती तेव्हा केव्हाच गप्प झालेली होती. मी पडद्यामागे बसून ऐकत होतो. रडलो नाही, पण चष्मा पुसायला काढला तो भाषण संपेपर्यंत घातला नाही.

आणि इथे आमची सगळ्यांची अक्कल चरायला गेली होती. म्हातारीत आमच्या जुन्या साहेबांनी एक नियम घातलेला होता. त्याला आम्ही राखणदार म्हणायचो. जमिनीवरून बरेच दिवस हाक आली नाही, तर आपल्याच यंत्रात बिघाड झालाय असं समजायचं, स्वतःला नव्याने चालू करायचं आणि मोठ्या आवाजात खाली हाका मारायच्या. चांगला नियम. त्यानेच तिला दोनदा वाचवलं होतं. पण आम्ही रोज हाक मारणारी माणसं; आपणच हाक बंद केली तर काय, हा विचार इतक्या वर्षांत करायची वेळच आली नव्हती. साहेब वारले, नियम वरच राहिला, आणि माझ्या पदाबरोबर ती मागून करायची चढवाचढवीही राहून गेली. कंपनीचा उपग्रह शेजारी येऊन उभा राहिला, होडीवाल्यांनी नवी यंत्रं घेतली, आणि एका सकाळी त्यांच्या निरोपांत खरखर सुरू झाली. म्हातारी उठून हाका मारत होती.

कंपनीने तक्रार केली. खात्याने कळवलं की सदर उपग्रह मंत्रिमहोदयांच्या हस्ते बंद झालेला आहे, छायाचित्र सोबत जोडलं आहे, सबब बंद उपग्रहाचा त्रास संभवत नाही. मला बोलवावं तर माझं पद रद्द. नसलेल्या माणसाला हुकूम कसा सोडणार? अखेर त्या मुलीनेच मला पाहुणा म्हणून बोलावलं. दारावरचा रखवालदार, जो वर्षानुवर्षं मला सलाम ठोकायचा, त्याने वही पुढे केली आणि भेटीचं कारण लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'बोलणे'. कागदोपत्री बंद असलेली ती आणि कागदोपत्री नसलेला मी, आमचं बोलणं झालं. मी झोप म्हटलं, ती झोपली. काही दिवसांनी पुन्हा उठली. पुन्हा मी पाहुणा. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही, पण रखवालदार शेवटी कारण स्वतःच लिहून ठेवायला लागला.

एकदा ती मुलगी टेबल टेनिसची बॅट हातात घेऊन पडद्याआड आली आणि माझ्याशेजारी उकिडवी बसली. यंत्राच्या काचेवर म्हातारीच्या हाकांची रेघ वरखाली होत होती.

"सर, ही असं का करते?"

"तिला वाटतंय, आपलं काहीतरी बिघडलंय. म्हणून खाली कुणी बोलत नाही."

तिने बॅट खाली ठेवली. "मग तिला सांगता नाही येणार का, की सगळं ठीक आहे म्हणून?"

"तेच तर रोज सांगत होतो," मी म्हणालो.

उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. दाजी, त्या मुलीचा राग येत नाही हाच माझा खरा त्रास आहे. राग आला असता तर निम्मं दुःख त्यातच जिरलं असतं.

शेवटी मीच उपाय सांगितला, कारण दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हता. राखणदारच काढून टाकायचा. उरलेल्या इंधनावर तिला हळूहळू पेन्शनरांच्या गल्लीत चढवलं. मग तिच्यातला तो नियम पुसला. म्हणजे काय केलं, तर हाक नाही आली तरी काळजी करायची नाही आणि आपण हाक मारायची नाही, एवढं तिला शिकवलं. इतकी वर्षं मी तिला पुष्कळ काही शिकवलं, पण असं काही शिकवलं नव्हतं. मग तिचा आवाज बंद केला. या वेळी बटण नव्हतं, भाषण नव्हतं. पलीकडे चेंडूचा आवाज येत होता, तोही कुणीतरी थांबवला. मला भयंकर वाईट वाटलं, दाजी. ताईला पोचवून आलो तेव्हा आपण दोघं पायरीवर बसलो होतो आणि एकमेकांशी काही बोललो नव्हतो, ते आठवलं.

असो. गेलं ते गेलं. आता मी पूर्ण मोकळा आहे आणि माझं कुणाकडे काही मागणं नाही. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि समोरच्या शिंप्याला दोन्हींपैकी जे शोभेल ते.

आपला आज्ञाधारक (आज्ञा देणारं खातंच उरलं नाही, पण सवय),
धाकटा

ता. क. एक बारीकसं मागणं राहिलं. आपली गच्ची. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाला गच्चीचं मोल मी काय सांगावं, आणि तिथे कावळ्यालाही विचारून बसावं लागतं हेही ठाऊक आहे. पण कार्यालयातून भंगारात निघालेली एक डिश माझ्याकडे आहे. पाण्याच्या टाकीशेजारी, दक्षिणेकडे तोंड करून ती राहील. हवं तर फूटपट्टी लावून बघा. शोभेची वस्तू समजा.

ता. क. २. शोभेची नाही. म्हातारी गेली असं वर लिहिलं ते सगळंच खरं नाही. तिला दोन आवाज होते. मोठा मी बंद केला. दुसरा अगदी बारीक, नुसती टिकटिक, कुणाच्या निरोपात न येणारी. फक्त 'मी आहे' एवढंच सांगणारी. तो बंद करा असं कुणी म्हणालं नाही, आणि पद नसलेल्या माणसाने न सांगितलेलं काम करू नये असं मला वाटलं. गल्लीत चढल्यापासून ती सावकाश सरकते आहे. महिना-दीड महिना आपल्या गच्चीवरून ऐकू येईल, मग तितकेच दिवस क्षितिजाखाली जाईल, मग पुन्हा येईल. आपल्याला काही करायचं नाही. ऐकायचं फक्त.

ता. क. ३. डिशबरोबर मीही येतोय. क्वार्टर सोडायला सांगितलं आहे, सामान टेम्पोत चढलं आहे. पण खरं कारण ते नव्हे. राखणदार मी म्हातारीतून काढला, माझ्यातून काढायला कुणी नव्हतं. ताई गेल्यापासून आपली हाक नाही. नियमाप्रमाणे आधी वाटलं, माझंच काही बिघडलं असेल. म्हणून आता उठून हाक मारतो आहे. तिकडे सगळं ठीक असेल तर कपाटातला फोन काढून तेवढं सांगा, मी टेम्पो परत फिरवतो.

(फिरवणार नाही. पण आपला आवाज ऐकायचा आहे.)